चोवीस फूट

रतिलाल मुकादम रिटायर होऊन दहा वर्षं झाली होती. तरी त्या दिवशी सकाळी सातलाच तो जुना खाकी सदरा चढवून, तारेचा ब्रश, चुन्याची बादली आणि लाल रंगाची डबी घेऊन रूळ ओलांडून पलीकडे गेला, आणि साडूच्या वावराला लागून असलेले रेल्वेच्या हद्दीचे खांब घासायला बसला. काम कुणी सांगितलं नव्हतं, त्याचा पगार कुणी देणार नव्हतं. दुसऱ्याचं वाटोळं बघायला माणूस फुकटात राबतो, तेही सणाच्या उत्साहानं.

खांब म्हणजे जुन्या रुळाचे कापलेले तुकडे, हातभर जमिनीवर आणि दोन हात जमिनीत. रतिलालनं पहिल्याचा गंज घासून काढला, चुना दिला, आणि रूळ घडवताना त्याच्या अंगावर उमटवलेले उठावाचे आकडे काडीला कापूस गुंडाळून लाल रंगवले. खांब पांढरा, आकडे लाल. साहेबाची तपासणी असली की त्याची रूळदुरुस्तीची गँग असंच करायची आणि शाबासकी घ्यायची. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात, तो हा.

"ए मुकादम!" कपाशीतून मगन ओरडला. मगन म्हणजे त्याचा साडू. "मना वावरमा पाय ठेवाना नही!"

"तुनं वावर खांबना तिकडे शे. मी खांबना इकडे बठेल शे. देखी ले."

"रिटायर व्हई गया ना तू? कोनी सांगं तुले चुना लावाले?"

"म्याडम येनार शे मोजाले. तिले खांब दिसाले पाहिजे," रतिलाल ब्रश झटकत म्हणाला. "आनि खांबना आत तुनी विहीर शे, तीबी दिसाले पाहिजे."

मगननं शिवी दिली. रतिलालनं ती कानाआड केली आणि दुसऱ्या खांबाकडे सरकला.

भानगड अशी होती. गाव जळगाव जिल्ह्याच्या पार टोकाला, वावरांमधून धुळ्याकडे जाणारी एकेरी लाईन. गुरं रुळावर येतात म्हणून रेल्वेनं दोन्ही अंगांनी सिमेंटची भिंत घालायचं ठरवलं होतं. भिंत हद्दीवर येणार आणि हद्दीच्या आत जे सापडेल ते जाणार, मग झाड असो, गोठा असो की घर. कागदावर हद्द रुळाच्या मध्यापासून दोन्हीकडे पन्नास पन्नास फूट होती. मगनच्या आजानं खोदलेली विहीर रुळाच्या दक्षिणेला, मध्यापासून अडतीस फुटांवर. म्हणजे ती बुजणार, आणि तिच्यावर उभं असलेलं मगनचं वावर कोरडं पडणार. उत्तरेला रतिलालचं घर होतं, साठ फुटांवर. रिटायर व्हायच्या आदल्या वर्षी त्यानं ते बांधलं तेव्हा हद्दीच्या खांबापासून बरोबर दहा फूट मोकळे सोडले होते. जन्मभर लोकांची अतिक्रमणं काढलेला माणूस. आपलं घर नियमात पाहिजे, असं तो चारचौघांत छाती फुगवून सांगायचा.

पण ते खांब खोटे होते, आणि ही गोष्ट जिवंत माणसांत एकट्या रतिलालला माहीत होती.

सत्याऐंशीच्या पावसाळ्यात नाल्याला पूर आला आणि इथला भराव निम्मा वाहून गेला. त्याबरोबर दोन्हीकडचे हद्दीचे जुने दगडही गेले. जुन्या जागी भराव टिकेना, म्हणून दक्षिणेच्या अंगाला नवा भराव घातला आणि रूळ चोवीस फूट मगनच्या बाजूला नेला. तात्पुरता म्हणून नेला, तो कायमचा तिथंच राहिला. तेव्हा वावरं महिनाभर पाण्याखाली होती आणि मगनसकट गाव उंचावर हललं होतं, त्यामुळं रूळ सरकल्याचं गँगशिवाय कुणाच्या ध्यानात आलं नाही. पुढं एक्क्याण्णवला रतिलाल मुकादम झाला. वरून हुकूम आला, हद्दीच्या खुणा नाहीत, पुन्हा रोवा. रतिलालनं दहा फुटी बांबू घेतला, रुळाच्या मध्यापासून दोन्हीकडे पाच पाच बांबू मोजले आणि भंगारातले रूळ कापून रोवले. रूळ कोणता? समोर होता तो, सरकवलेला. मोजून झाल्यावर तिसऱ्या दिवशी चूक त्याच्या ध्यानात आली. पण खांब रोवून झाले होते, खड्डे चोपून झाले होते, आणि रजिस्टरवर 'सर्व खुणा जागेवर' अशी सही झाली होती. पुन्हा उपटायचे कुणी? शिवाय उत्तरेला चोवीस फूट जमीन आपोआप आपल्या बापाच्या वावरात येत होती. आली लक्ष्मी आणि म्हणे दार लावून घे, असा रतिलाल थोडाच होता! पुढं दर वर्षी तीच सही झाली. तेवीस वर्षं.

तेवढ्यावर भागलं असतं तर साडू साडू आजही अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मांडीला मांडी लावून पुरणपोळी खात बसले असते. पण तेरा वर्षांपूर्वी मगननं खांबाच्या आत, म्हणजे खरं तर स्वतःच्याच जमिनीत, उन्हाळी भुईमूग पेरला. दोघांत आधीच पाण्यावरून कुरबूर होती. रतिलालनं वर कळवलं, आणि अखाजीच्या दिवशी स्वतः उभं राहून शेंगा धरलेला भुईमूग गँगकडून उपटवला. त्या वेळी दोघांच्या बायका, मगनची ताईबाई आणि रतिलालची पुष्पाबाई, सख्ख्या बहिणी, माहेरी झोक्यावर एका फळीवर उभ्या राहून गाणं म्हणत होत्या. निरोप आला तशी थोरली ताईबाई चालत्या झोक्यावरून उतरली. तेव्हापासून ती धाकटीशी एक शब्द बोललेली नव्हती. एक रूळ आड, सकाळ-संध्याकाळ एकमेकींची चूल पेटलेली दिसायची, आणि दोघी तोंड फिरवायच्या.

दहा वाजता म्याडम आल्या. मोहिनी त्यांचं नाव. रेल्वेच्या जमिनींचे जुने नकाशे आणि नोंदी सांभाळणाऱ्या इंजिनिअर. राहायला धुळ्यात, देवपूरला, वय पस्तिशीचं, आणि चेहऱ्यावर लोकांची भांडणं ऐकून ऐकून आलेला वैताग. बरोबर टेप धरायला हेमराज नावाचा आडदांड माणूस होता. मोहिनीनं बांधावर सतरंजी अंथरून घेतली आणि त्यावर दोन गुंडाळ्या सोडल्या. एक जमिनीचा नकाशा, अठराशे नव्व्याण्णवचा, कापडावर चिकटवलेला. दुसरा रुळाचा लांबलचक तक्ता. त्यात कुठं वळण, कुठं चढ, कुठं पूल, कोणत्या साली काय बदललं, सगळं मैलामैलानं लिहिलेलं.

"मी सांगेपर्यंत कुणी बोलायचं नाही," ती म्हणाली. "सकाळपासून दोन गावांत शिव्या खाऊन आलेय. तिसऱ्या गावाची जागा शिल्लक नाही."

हेमराजनं रुळाच्या मध्यावर टेप धरली, दक्षिणेला ओढत नेली. पन्नास फुटांना ती बरोबर रतिलालच्या पांढऱ्या खांबाला टेकली. विहिरीचा काठ अडतीसवर आला.

"विहीर बारा फूट आत आहे," मोहिनीनं वहीत लिहिलं.

"आत कशी?" मगनचा आवाज चढला. "म्याडम, माझ्या आजानं खोदली ती! त्याला वेड लागलं होतं का रेल्वेच्या जागेत विहीर खोदायला? तेव्हाचा रेल्वेवाला काय झोपला होता?"

"तुमच्या आजाचं मला माहीत नाही. माझ्याकडे नकाशा आहे, खांब आहे आणि टेप आहे. तिघं एकच सांगतायत."

बांधापलीकडे ताईबाई उभी होती. तिनं कपाळाला हात लावला आणि मटकन खाली बसली. रतिलाल खांबाला हात टेकून उभा होता. त्याला हसू आवरेना. तेरा वर्षं या माणसानं चावडीवर, लग्नात, मयतीत, जिथं भेटेल तिथं त्याला 'भुईमूगचोर' म्हटलं होतं. आता बोल म्हणावं. आपले नाक कापून दुसऱ्याला अपशकुन करणारे पुष्कळ असतात, रतिलालचं मात्र नाक जागेवर होतं आणि अपशकुनही होत होता.

मोहिनी वही मिटणार, तेवढ्यात तिची नजर खांबावर गेली. चुन्यावर लाल आकडे रसरशीत उठून दिसत होते. ती वाकली. हेमराजला बाजूला करून पुन्हा वाकली.

"हे एकोणीसशे बासष्ट काय आहे?"

"रूळ घडवल्याचं साल, म्याडम," रतिलाल पुढं आला. "उठावाचं असतं. गंजाखाली दिसत नाही. मी घासून काढलं, म्हणून दिसलं."

"तुम्ही घासलं?"

"मी. आणि रंगवलंही मीच. गँग नंबर सातचा मुकादम होतो. आमच्या हद्दीचे खांब असेच असायचे, साहेब लोक गाडी थांबवून बघायचे."

मोहिनीनं नकाशा पुढं ओढला. "इथं लिहिलंय, हद्दीला दगड रोवले, अठराशे नव्व्याण्णव. दगड, मुकादम. रूळ नाही. आणि बासष्टचा रूळ नव्व्याण्णव साली कुणी रोवणार नाही. मग हा कुणी रोवला?"

रतिलालनं ते आकडे पुन्हा पाहिले. जन्मभर खांब रंगवले, पण रंगवलेलं साल त्यानं कधी वाचलं नव्हतं. ते साल असतं हे ठाऊक होतं, पण त्यावरून खांबाचं वय निघतं हे कधी सुचलं नव्हतं.

"दगड पुरात गेले," तो चाचरत म्हणाला. "मग हुकूम आला. मी रोवले. एक्क्याण्णवला."

"कुठून मोजून?"

"रुळापासून. मध्यापासून. दुसरं कुठून मोजणार?"

मोहिनीनं काही न बोलता दुसरी गुंडाळी उलगडली. तक्त्यावर बोट फिरवत ती या मैलावर आली. तिथं वळणाच्या रेघेशेजारी पेन्सिलीनं बारीक अक्षरात काहीतरी होतं. तिनं कागद उन्हाकडे तिरका धरला आणि मोठ्यानं वाचलं. "भराव वाहून गेल्याने रूळ दक्षिणेस चोवीस फूट सरकवणे. प्रस्तावित. सत्याऐंशी."

नुसतं 'चोवीस' ऐकून मगनच्या डोक्यात हिशोब सुरू झालेला रतिलालला दिसला. अडतीस आणि चोवीस बासष्ट. मूळ मध्य चोवीस फूट उत्तरेला असेल, तर विहीर बासष्टवर, म्हणजे हद्दीबाहेर बारा फूट. आणि साठातून चोवीस गेले छत्तीस. रतिलालचं घर छत्तीसवर. चौदा फूट रेल्वेत.

"फक्त प्रस्तावित आहे," मोहिनी म्हणाली. "काम पूर्ण झाल्याची नोंद नाही. शेरा पेन्सिलीत, सही कुणाचीच नाही. हे मी पुरावा म्हणून धरू शकत नाही. रूळ खरंच सरकवला असेल, तर त्या कामावरच्या माणसाचा जबाब पाहिजे. मुकादम, तुम्ही तेव्हा गँगमध्ये होता ना? सरकवला होता रूळ?"

उत्तरेला घराच्या ओट्यावर पुष्पाबाई उभी होती. टेप कुणाकडे वळते ते बघायला आली होती. रतिलालनं तिच्याकडे पाहिलं, घराकडे पाहिलं, आणि सरळ उभं राहून सांगितलं, "नाही. रूळ होता तिथंच आहे."

"नक्की?"

"जन्मभर या रुळावरून रोज चाललोय. मला कोण शिकवणार?"

"ठीक आहे," मोहिनीनं पेनाचं टोपण काढलं. "मग विहीर आत."

खरं तर गोष्ट इथंच संपायची. रतिलालचं घर वाचलं होतं आणि वैऱ्याची विहीर बुडाली होती. पण वैरी जितका जवळचा, तितकं त्याला माणसाचं दुखरं जास्त माहीत. मगन साडू होता. एका ताटात जेवलेला होता. कोल्हा काकडीला राजी, आणि या कोल्ह्याची काकडी कुठली हे त्याला कुणी शिकवायला नको होतं. त्यानं अंगावरची माती झटकली आणि मोहिनीकडे वळून अगदी शांतपणे म्हणाला, "मुकादम खरं बोलतोय, म्याडम. लिहून टाका. रूळ सरकलाच नाही."

मोहिनीनं चमकून पाहिलं.

"सरकणार कसा? कोण सरकवणार? ही गँग?" मगन हसला. "ह्या लोके तं बाभूळखाले बिड्या फुकत बसेत. साहेबनी मोटार दिसनी का पहारी हातमा लेत. मी वावरमाहीन देखेल शे बठ्ठं. चोवीस फूट दूर राहिनं, चोवीस इंच सरकाडानीबी ताकत नव्हती त्यासनी."

"मगन, तोंड सांभाळ," रतिलाल म्हणाला.

"का सांभाळू? खोटं शे का? तो तुना गँगना पुना, दोन बोटे तोडी लिधी म्हनत हिंडे. कामवर तोडी म्हने! दारू पिईसन कुऱ्हाडखाले हात दिधा त्यानी."

रतिलालच्या कानशिलाची शीर फुगली. मगन काय करतोय ते त्याला कळत होतं. कळत होतं, हे खरं. पण कळणं डोक्यात असतं आणि राग छातीत, आणि छातीचं पाऊल नेहमी पुढं असतं.

"पुनानी बोटे रूळखाले गई!" तो गरजला. "मना डोळासमोर गई! रूळ नवा भराववर उतारताना पहार सटकनी, आनि त्यानी हात काढा नही, काढता तं रूळ भिलाना पायवर पडता! तू काय देखं रे वावरमाहीन? नऊ दिन! बारा जन! भर श्रावणमा, वर पानी, खाले चिखलना गारा. एक एक स्लीपर खांदावर वाहीसन पलीकडे लई गयूत. रूळ सोडा, उचला, तठे नेसन परत बांधा. इंजिन नव्हतं, मशीन नव्हतं. चोवीस फूट! पहिली गाडी गई तवय ड्रायव्हरनी खाले उतरीसन आमले हात जोडात. बिड्या फुकत बसेत म्हने!"

तो थांबला तेव्हा त्याला मोहिनीच्या पेनाचा आवाज ऐकू आला. ती भराभर लिहीत होती. मगन खाली बघून पायाच्या अंगठ्यानं ढेकूळ फोडत होता.

"नऊ दिवस," मोहिनी न बघता म्हणाली. "बारा माणसं. नावं सांगा."

"मी रागात बोललो, म्याडम."

"कळलं मला. म्हणूनच खरं बोललात. नावं?"

रतिलालनं नावं सांगितली. का सांगितली, ते त्यालाच ठाऊक. अर्धी जीभ नको म्हणत होती. पुना, भिला, शेनपडू, गजमल, दगा, झिपरू, मोतीराम, उखा, सुकदेव, आत्माराम, नथ्थू. बारावा मी. मोहिनीनं जबाब वाचून दाखवला. सरकारी भाषेत का होईना, सगळं आलं होतं. चिखल, स्लीपर, पुनाची दोन बोटं. मग तिनं वही त्याच्यापुढं धरली.

"सही करा. सहीशिवाय हा कागद म्हणजे नुसती बडबड आहे. काय होणार ते तुम्हाला माहीत आहे, मी लपवत नाही. विहीर सुटेल आणि तुमचं घर चौदा फूट आत येईल."

"नको करू सही!" ओट्यावरून पुष्पाबाई ओरडली. तिला सगळं ऐकू गेलं होतं. एरवी चारचौघांत 'तुम्ही' म्हणणारी बाई एकेरीवर आली होती. ती पदर खोचून रुळापर्यंत धावत आली. "ऐकी राहिना का? नको करू! मनं घर शे ते!"

रतिलालनं पेन खाली ठेवलं. "म्याडम, नाही करत."

"बरं." मोहिनीला त्याचं सुखदुःख नव्हतं. तिनं वही स्वतःकडे फिरवली. "मग हे खोडते आणि खाली लिहिते, असं कोणतंही काम झालं नाही. साक्षीदाराचं म्हणणं रागाच्या भरातलं, निराधार. त्यावर तरी सही कराल ना?"

तिनं पट्टी लावली आणि पहिली रेघ मारायला पेन टेकवलं. पेनाखाली पुनाचं नाव होतं. पुना मरून अकरा वर्षं झाली होती. त्याच्या बोटांची नोंद कुठल्या रजिस्टरात कधी झालीच नव्हती, कारण काम प्रस्तावित होतं, आणि प्रस्तावित कामात कुणाची बोटं जात नाहीत. त्या अकरा माणसांपैकी आता एकही उरला नव्हता. त्यांनी चोवीस फूट उचलून नेलेला रूळ मात्र समोर तापत पडला होता. रोज त्यावरून गाडी जायची, आणि गाडीतल्या एकालाही ठाऊक नव्हतं.

रतिलाल काही साधुसंत नव्हता. मगनच्या विहिरीत मगन बुडून मेला असता तरी त्यानं डोळे कोरडे ठेवून अंघोळ केली असती. तो विहिरीसाठी कळवळला नाही, न्यायासाठी तर नाहीच नाही. पण त्या पट्टीखाली आपली नऊ दिवसांची हाडं मोडताना त्याला बघवेना. त्यानं मोहिनीच्या हातातून पेन जवळजवळ हिसकावलं आणि सही केली. नुसती सही नाही, खाली लिहिलं, 'मुकादम, गँग नं. ७'.

पुष्पाबाई रुळाच्या मधोमध उभी होती.

मगनला वाटलं होतं, आपण टाळी पिटू. पण सही बघून त्याचा चेहरा कसनुसा झाला. "रतिलाल..." त्यानं तोंड उघडलं.

"तुनासाठे नही करी," रतिलाल म्हणाला. "तुनी विहीर आजबी सडो. मनासमोर उभा राहू नको."

मोहिनीला ऊन चढायच्या आत काम उरकायचं होतं. तिनं हेमराजला मूळ मध्य काढायला लावला, रुळापासून चोवीस फूट उत्तरेला. तिथं खुंटी ठोकली. खुंटीपासून पन्नास फूट मोजत हेमराज रतिलालच्या ओट्यावर चढला, बैठकीतून आत गेला. टेप उंबऱ्यावर घासत, मधे झोळ पडलेली.

"झोळ काढ!" रतिलाल मागून खेकसला. सवय अशी की जित्याची खोड. "ढिली टेप हद्द आखडते. इंचांचा फरक पडतो."

"राहू द्या की, मुकादम," हेमराज हळूच म्हणाला. त्याला माणसाची दया आली होती. "तुमच्याच फायद्याचं आहे."

"मोजणी मोजणीसारखी कर. आण इकडे." रतिलालनं टेपचं टोक स्वतःच्या हातात घेतलं, गुडघ्यावर बसला, ताणली, आणि अंगठ्यानं पन्नासवर दाबून धरली. अंगठा स्वयंपाकघराच्या फरशीवर आला, शेगडीच्या ओट्याच्या पलीकडच्या पायाशी. हेमराजनं लाल खडूनं रेघ ओढली. बैठक रेल्वेत गेली, देव्हारा रेल्वेत गेला, शेगडी रेल्वेत गेली. कपाट आणि मागची मोरी तेवढी मुकादमाची राहिली.

"पंधरा दिवसांत नोटीस येईल," मोहिनी दारातून म्हणाली. मग जरा थांबून म्हणाली, "मोजणी चोख आहे." तिच्या तोंडून तेवढंच चांगलं निघालं, आणि रतिलालची मान, लाज वाटावी पण, किंचित ताठ झाली.

ती ताठ झालेली मान पुष्पाबाईनं दारातून पाहिली. सही तिनं एक वेळ गिळली असती. नवऱ्याच्या रागासोबत तिनं चाळीस वर्षं संसार केला होता. पण स्वतःच्या चुलीवर रेघ ओढवून घेताना टेप ताणून धरणारा माणूस तिला गिळवेना. ती आत आली, रेघ ओलांडून कपाटाशी गेली, चार लुगडी गाठोड्यात बांधली, गोळ्यांची पिशवी घेतली.

"कोठे चालनी?" रतिलालनं विचारलं.

ती ओटा उतरली, रुळावर चढली. आयुष्यभर या रुळावरून आडवं जाणाऱ्या बायकांना रतिलालनं शिट्टी मारून हुसकावलं होतं. आज त्याच्या तोंडून साधी हाकही फुटली नाही. पुष्पाबाई पलीकडे उतरली, विहिरीला वळसा घातला आणि थेट ताईबाईच्या दारात जाऊन उभी राहिली. तेरा वर्षांनी.

ताईबाई भाकरीचं पीठ मळत होती. तिनं वर पाहिलं. गाठोडं पाहिलं. मग तेरा वर्षांत पहिल्यांदा धाकटीशी बोलली, आणि बोलली तेही फटकन.

"कसाले उनी?"

"राहाले."

"आठे? का बरं? तुनं घर नही का?"

"मनं घर तुनी विहीरमा गयं, अक्का," पुष्पाबाई म्हणाली. "आते जठे विहीर, तठे मी."

मगन बांधावरून धावत आला. "हाई काय नवं? ताईबाई, सांग तिले, आपला घरमा..."

"तुम्ही चूप बसा," ताईबाई त्याच्याकडे न बघता म्हणाली. ती उठली. पिठाचे हात तसेच धरून दारातून बाजूला झाली. "ये. पन मी बोलनार नही तुनासंगे."

"मीबी बोलाले नही उनी," पुष्पाबाई म्हणाली, गाठोडं कोपऱ्यात टाकलं आणि परातीसमोर बसली. थोरलीनं पीठ मळलं, धाकटीनं भाकरी थापल्या. रुळाच्या अलीकडे रतिलाल ओट्यावर उभा राहून पलीकडचा धूर बघत होता. दुपार झाली होती. त्याच्या मागे शेगडी थंड पडली होती, आणि त्याला भूक लागली होती.